कंबर धरली म्हणून धाव सोडू नका



पहाटे पाचच्या सुमारास कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून एकदा फेरी मारून पाहा. तालमीचा दिवा लागलेला असतो, आतून जोर मारणाऱ्या पोरांचे हुंकार ऐकू येतात. कुणी रंकाळ्याच्या दिशेने पळत निघालेला असतो. जवळच खासबाग मैदान आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ सालच्या विलायतेच्या प्रवासात रोमचे जुने क्रीडागार पाहिले आणि त्या धर्तीवर कुस्तीसाठी हे मैदान बांधवून घेतले. १९१२ साली ते पुरे झाले. अशा या गावात अंग कमावणे ही चैन समजत नाहीत, तो घरचा रिवाज आहे. म्हणूनच इथल्या माणसाची कंबर धरली आणि पळणे सुटले, की त्याला फार लागते. दुखणे कमरेत असते, पण मान खाली जाते.

मी याच पेठेत वाढलो. शेत नदीकाठी, घर पेठेत. तरुणपणी तालमीच्या संघातून फुटबॉल खेळलो. पुढे संसार, ऊस, म्हशी यांत पळणे मागे पडले. चाळिशी उलटल्यावर पोट सुटू लागले, तेव्हा एका पहाटे जुने बूट काढले आणि पहिल्याच दिवशी तरुणपणच्या हिशेबाने रंकाळ्याला पुरा वेढा घातला. त्याच दुपारी उसाच्या मोळ्या उचलल्या. दुसऱ्या दिवशी अंथरुणावरून उठता येईना. ज्याने त्याने सांगितले, "फळीवर पडून राहा, हलू नको." मी आठ दिवस पडून राहिलो. घरची लक्ष्मी धारा काढून, वैरण आणून वर माझेही करीत होती. ऐन लावणीत म्हाताऱ्या वडिलांना पाण्याची पाळी धरावी लागली. आठ दिवसांनी उठलो तो आधीपेक्षा वाकडा होऊन. त्यातून जे शिकलो आणि पुढे जाणत्या डॉक्टरांकडून जे समजले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी धोक्याची खूण ओळखा

कंबरदुखी बहुतेक वेळा साधी असते आणि काही आठवड्यांत उतरते. पण काही खुणा दिसल्या, तर हा लेख बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, दोन्ही मांड्यांच्या आतली व बैठकीची जागा बधिर होणे, पायातले बळ जाऊन पाऊल फरफटणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. सकाळची वाट पाहू नका. उशीर झाला तर नुकसान कायमचे होऊ शकते.

दुसऱ्या खुणा अशा : संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणे, रात्री झोपेतही न थांबणारे दुखणे. मणक्याचा क्षयही अशा वाटेने येतो. झाडावरून किंवा ट्रॅक्टरवरून पडल्यानंतरचे दुखणे, पूर्वी कर्करोग झालेल्या माणसाचे दुखणे आणि उतारवयात एकाएकी उठलेली कळ, हीसुद्धा तपासून घ्यायलाच हवीत.

फोटोला भिऊ नका

पुष्कळ जण एमआरआयचा कागद हातात आला की निम्मे खचतात. "गादी झिजली," असे त्यावर लिहिलेले असते. पण ज्यांची कंबर कधीच दुखली नाही अशा लोकांचे फोटो काढून जगभर झालेल्या पाहण्यांचा २०१५ साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यात विशीतल्या १०० जणांपैकी ३७ जणांच्या आणि पन्नाशीतल्या ८० जणांच्या मणक्यांच्या गाद्यांत झीज दिसली. त्यांना दुखत मात्र काहीच नव्हते! डोक्याचे केस पांढरे होतात, तशीच ही झीज. तेव्हा कागदावर झीज दिसली म्हणजे धाव संपली, असे समजू नका. दुखणे, तपासणी आणि फोटो यांचा मेळ घालायचे काम डॉक्टरांचे आहे.

पळण्याने गाद्या आणखी झिजतील, अशी भीती सर्वांनाच वाटते. २०१७ साली ऑस्ट्रेलियात नेमाने पळणाऱ्यांच्या आणि न पळणाऱ्यांच्या मणक्यांची तुलना झाली. पळणाऱ्यांच्या गाद्यांत पाण्याचा अंश जास्त होता, म्हणजे त्या अधिक ताज्या होत्या. नुसते नांगर ठेवून दिले तर गंजतात आणि चालते राहिले तर फाळ लखलखतो, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

पडून राहण्याचा मोह

१९८६ साली अमेरिकेत कंबरदुखीच्या रोग्यांना दोन गटांत विभागले. एकाला दोन दिवस पडून राहायला सांगितले, दुसऱ्याला सात दिवस. सात दिवसवाल्यांना जास्त काही लाभ झाला नाही, उलट त्यांचे कामाचे दिवस अधिक बुडाले. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराच्या नोकरांवर तसाच प्रयोग झाला. जे सोसवेल तेवढे रोजचे व्यवहार करीत राहिले, ते अंथरूण धरणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाले.

माझे आठ दिवस कसे फुकट गेले, ते यावरून ध्यानात येईल. कळ फार असेल तर एखाददुसरा दिवस आडवे व्हा, पण तासा-दोन तासांनी उठून घरातल्या घरात, अंगणात चाला. शेक घ्या. तेलाने हलके चोळून घेतल्यास बरे वाटते, त्याला हरकत नाही. मात्र कमरेला हिसका देऊन "हाड बसवून देतो" म्हणणाऱ्याच्या हाती कंबर देऊ नका.

आधी चाल, मग धाव

परत पळायला निघालेल्या माणसाची पहिली पायरी चालणे ही आहे. २०२४ साली ऑस्ट्रेलियात ७०१ माणसांवर एक चाचणी झाली. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्यांपैकी काहींना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच वेळा अर्धा अर्धा तास चालायला लावले आणि दुखण्याविषयी समजावून सांगितले. न चालणाऱ्या गटात निम्म्या लोकांचे दुखणे ११२ दिवसांत उलटले. चालणाऱ्यांत तेवढ्यांचे उलटायला २०८ दिवस लागले. औषधावाचून मिळालेली ही सवड कमी नाही.

त्याच वर्षी दुसऱ्या एका लहान चाचणीचा निष्कर्ष आला. जुनाट कंबरदुखी असलेल्या १८ ते ४५ वयाच्या ४० जणांपैकी निम्म्यांना १२ आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, थोडे पळणे थोडे चालणे असा क्रम दिला. त्यांचे दुखणे कमी झाले. म्हणजे धाव हे कमरेचे वैर नव्हे, बेहिशेबी धाव हे वैर आहे.

मी ज्या पायऱ्यांनी परतलो त्या अशा :

पहिले दोन आठवडे नुसते चालणे, आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास. हे निर्धास्त जमू लागले की पुढे जायचे. तिसऱ्या आठवड्यापासून एक दिवसाआड, आठवड्यातून तीनच वेळा पळायचे. आरंभी पाच मिनिटे व शेवटी पाच मिनिटे चालायचे, मधला भाग बदलत न्यायचा.

तिसरा-चौथा आठवडा : १ मिनिट पळणे, २ मिनिटे चालणे, असे सहा वेळा.
पाचवा-सहावा : २ मिनिटे पळणे, २ मिनिटे चालणे, पाच वेळा.
सातवा-आठवा : ३ मिनिटे पळणे, १ मिनिट चालणे, पाच वेळा.
नववा-दहावा : ५ मिनिटे पळणे, १ मिनिट चालणे, चार वेळा.
अकरावा-बारावा : १० मिनिटे पळणे, १ मिनिट चालणे, पुन्हा १० मिनिटे पळणे.

पळताना शेजारच्याशी दोन वाक्ये बोलता आली पाहिजेत, एवढाच वेग ठेवा. पाऊल लांब टाकू नका, आखूड आणि हलके टाका. पाय आपटल्याचा आवाज येत असेल तर वेग कमी करा.

दुखणे आण्यांत मोजा

थोडेसेही दुखले की थांबावे का? तसे नाही. सोळा आणे म्हणजे असह्य कळ असे धरा. चार आण्यांपर्यंतचे दुखणे चालेल, पण ते पळता पळता वाढता कामा नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वीच्या जागी उतरलेले असावे. सकाळी जास्त वाटले तर एक पायरी मागे या. आठ आण्यांवर गेले किंवा कळ पायात उतरू लागली, तर त्या दिवशी पळणे बंद. चार दिवस नुसते चाला, आणि कळ पायात राहिली तर डॉक्टरांना दाखवा. मागे येणे म्हणजे हरणे नव्हे. पैलवानसुद्धा डाव जमला नाही तर सुटून पुन्हा खडाखडीला उभा राहतो.

पळण्यापूर्वी दुखणे मारणारी गोळी घेण्याची खोड लावू नका. गोळीने कळ झाकते आणि माणूस सोसवेल त्याच्या पुढे जातो. शिवाय घाम गेलेल्या अंगाला अशा गोळ्या मूत्रपिंडाला बाधू शकतात. कमरेच्या पट्ट्याचेही तेच. चार दिवस आधाराला ठीक, पण आपल्या स्नायूंचा पट्टा हाच खरा पट्टा.

घरच्या घरी चार व्यायाम

हा पट्टा कमावायला सतरंजीएवढी जागा पुरते. एक : पाठीवर निजून गुडघे उभे करा, बैठक वर उचला, पाच मोजा, खाली घ्या. दोन : रांगण्याच्या स्थितीत उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करा, मग बाजू बदला. तीन : कुशीवर होऊन कोपरावर भार द्या, गुडघे वाकवून कंबर जमिनीवरून उचला. चार : खुर्चीवर बसून उठा, हात न लावता. प्रत्येक आठ-दहा वेळा, आठवड्यातून तीन दिवस. जोर, सपाट्या आणि वजन घेऊन बैठका या पुढच्या गोष्टी, पहिल्या महिन्यात त्यांच्या वाटेला जाऊ नका.

शेतातला भार विसरू नका

शहरातल्या माणसासाठी लिहिलेल्या सल्ल्यात ही गोष्ट नसते. तो दिवसभर बसतो आणि सकाळी पळतो. आपण दिवसभर वाकतो, उचलतो आणि वर पळतो. कंबरेच्या खात्यावर दोन्ही रकमा एकत्र मांडल्या जातात. माझी चूक नुसत्या रंकाळ्याच्या फेरीत नव्हती. त्याच दिवशीच्या मोळ्याही त्यात होत्या. म्हणून नियम करा : ऊस भरायचा, पोती उचलायची किंवा रोप लावायचे त्या दिवशी पळू नये. ज्या दिवशी काम हलके, त्या दिवशी धाव.

पोते उचलताना ते अंगाजवळ घ्या, गुडघे वाकवा, वळायचे असेल तर पाय वळवा, कमरेला पीळ देऊ नका. भांगलताना तासभर एकाच घडीत राहू नका. वीस मिनिटांनी उभे राहून चार पावले चाला, हात बदला.

घरातल्या बायकांची कंबर तर कुणी विचारतही नाही. धार, पाणी, वैरण, धुणे सगळे वाकूनच. धारेला उंचसे स्टूल द्या, पाण्याची घागर भरून एकीने नेण्याऐवजी निम्मी निम्मी न्या. घरच्या पुरुषाने वैरणीचा भारा उचलला तर त्याची शान कमी होत नाही. बाळंतपणानंतर पळायची हौस असेल तर साधारण तीन महिने चालणे आणि हलके व्यायाम करावेत, पुढे डॉक्टरीणबाईंना विचारून पळावे.

बूट महागच हवेत असे नाही, पण टाच झिजलेले आणि पायाला ढिले नसावेत. कोल्हापुरी चप्पल मिरवायला नामी, पळायला नव्हे. डांबरी रस्त्याच्या उतरत्या कडेने रोज एकाच बाजूने पळू नका. सपाट मातीची वाट बरी, मात्र खड्डे पाहून.

भरतीच्या पोरांसाठी

आता एक कळकळीचे सांगणे. पोलीस भरतीसाठी मुले १६०० मीटर आणि मुली ८०० मीटर पळण्याची तयारी करतात. कित्येक घरांची सारी आशा त्या काही मिनिटांवर टांगलेली असते. पोराची कंबर दुखत असते, पण बापाला सांगत नाही, कारण बापाने उसाच्या बिलातून शिकवणीचे पैसे भरलेले असतात. तो गोळी खातो आणि पळतो. आईबापांनो, त्याला विचारा. आणि मुलांनो, सांगा. वीस मिनिटे सलग पळणे जमल्याशिवाय घड्याळ लावून पळू नका आणि वेगाचा सराव आठवड्यात एकदाच, फार तर दोनदा करा. भरती तोंडावर आली असेल आणि कंबर बोलत असेल, तर मैदानावर जाण्याआधी डॉक्टरांकडे जा. भरती पुन्हा निघते, कंबर एकच असते.

मला स्वतःला बारा आठवड्यांच्या जागी सोळा लागले. मध्ये ऊसतोड आली, एकदा दोन पायऱ्या मागे आलो. पण एका पहाटे रंकाळ्याचा वेढा पुरा करून घरी आलो, तेव्हा वडील दारात बसले होते. त्यांनी विचारले, "आज मोळ्या उचलायच्या आहेत काय?" मी म्हटले, "नाही दादा, आज पळायचा दिवस होता. मोळ्या उद्या." ते हसले आणि म्हणाले, "मग शहाणा झालास."

तुम्हीही व्हा. आज अर्धा तास चालायला निघा, धाव आपोआप मागून येईल.