साकीचे दक्षिणायन

तंजावरच्या राजवाड्यातील सरस्वती महाल पाहताना महाराष्ट्रीय माणसाचे मन भरून येते. मोडी कागद, मराठी नाटकांच्या पोथ्या, सरफोजीराजांनी (१७९८–१८३२) वाढविलेला ग्रंथसंग्रह! ‘हे सारे आमचे’ असे त्याला वाटू लागते. सरकारी कामानिमित्त तेथे गेलो असता मलाही तसेच वाटले. त्याच सायंकाळी राजवाड्याजवळच्या एका देवळात तमिळ हरिकथा ऐकली. भाषा कळत नव्हती. पण मध्येच चिपळ्यांच्या तालावर साकीची चाल निघाली आणि मी चमकलो. ही तर आमची साकी! पण खरोखर आमची?

श्रोतेहो, तंजावरचे भोसल्यांचे राज्य १८५५ मध्ये संपले. मराठी कीर्तनाचा मोठा प्रभाव तमिळ कथेवर पडला, तो त्यानंतर. रामचंद्रबुवा मोरगावकरांची कीर्तने तंजावरकरांनी ऐकली, ती १८६० नंतरच्या दशकात. तमिळ कथाकार पुराणे सांगत. परंतु त्या कथेला संगीताचा एवढा साज नव्हता. तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी ही पद्धत आत्मसात केली. साकी, दिंडी, ओवी, अभंग यांच्या चालींत तमिळ शब्द बसविले आणि जोडीला कर्नाटक संगीतातील कृती गुंफल्या. राजाज्ञेने नव्हे, रसिकांच्या आवडीने ही हरिकथा गावोगाव पोहोचली.

परक्या सुरांतून आपले संगीत घडविण्याची ही किमया पश्चिम आफ्रिकेतही दिसते. गोल्ड कोस्टवरील इंग्रजी पलटणींच्या बँडमधून तेथील वादकांनी पितळी कर्णे उचलले. त्यांत आपली लय आणि आपली भाषा मिसळली. त्यातून ‘हायलाइफ’ नावाचे लोकप्रिय संगीत जन्मले. १९५७ मध्ये घाना स्वतंत्र झाला. इंग्रजांचे राज्य गेले, ई. टी. मेन्सा यांच्या ‘टेम्पोज’चे हायलाइफ मात्र घानाचे म्हणून शेजारच्या देशांतही गाजले. त्यात केवळ इंग्रजी कर्णा ऐकणाऱ्याला आफ्रिका ऐकूच यायची नाही.

तमिळ हरिकथेत केवळ साकी शोधणाऱ्याचेही तसेच होते. ओळखीच्या चालीवर त्याचे कान अडतात आणि तमिळ गळ्याने त्या चालीला दिलेली नवी वळणे निसटून जातात. लेक सासरी नांदू लागली, की तिच्या घरी मालकी सांगायला जाऊ नये. पाहुणा होऊन तिचे कौतुक पाहावे. त्या सायंकाळी हे उमगले आणि मग पुढची कथा मी मन लावून ऐकली.