साष्टीची अर्थव्यवस्था, पोर्तुगीजकालीन

मुंबईच्या उत्तरेस असलेल्या साष्टी बेटावरील शेती, श्रम, व्यापार व उपभोग यांची इ. स. १५३४ ते १७३९ या काळातील व्यवस्था. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड ही उपनगरे याच बेटावर वसली आहेत (गोव्यातील साष्टी तालुका वेगळा).

गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहान्वये वसई व तदंगभूत प्रदेश पोर्तुगीजांस दिला. पोर्तुगीज व्यापाराचे वर्णन सामान्यतः मिरी व गलबते यांभोवती फिरते. साष्टीचे महत्त्व मात्र भातामुळे होते. वसई प्रांतातील भात, इमारती लाकूड व दगड गोव्यास जात.

गावे पोर्तुगीज सरदारांना व धर्मसंघांना वार्षिक खंडाने, बहुधा तीन हयातींकरिता, दिली जात. या खंडास ‘फोरो’ म्हणत. मुंबईतील ‘फोरास’ जमिनींचे नाव त्यावरूनच आले. धारक बहुधा वसई वा ठाण्यास राही. कुळाने भात पिकवावे, खाजणाचे बांध राखावेत आणि उत्पन्नाचा मोठा वाटा खळ्यावरूनच द्यावा, असा क्रम होता. बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरे व जमीन काही हंगाम नापीक होई. म्हणजे सारी व्यवस्था ज्या श्रमावर उभी होती, त्याच श्रमाचा कागदोपत्री उल्लेख सर्वांत कमी आढळतो. याखेरीज कोळ्यांची मासेमारी, भंडाऱ्यांचा माडी काढण्याचा व्यवसाय व खाडीकाठची मिठागरे हे उत्पन्नाचे मार्ग होते. ठाणे रेशमी व सुती विणकामाबद्दल प्रसिद्ध होते.

उपभोगातील बदल भाषेत टिकून आहे. अननस, काजू व तंबाखू ही अमेरिकेतील पिके पोर्तुगीजांमार्फत या किनाऱ्यावर आली. पाव, बटाटा व चावी यांबरोबरच पगार व लिलाव हे शब्दही पोर्तुगीजच. शेवटचे दोन अधिक बोलके म्हणावे लागतील.

१६६५ मध्ये मुंबई इंग्रजांकडे गेल्यावर तिच्या अन्नपुरवठ्याचा मार्ग परसत्तेच्या हाती राहिला. ठाणे व करंजा येथे पोर्तुगीज जकात घेत, त्यावरून वारंवार तंटे होत. मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टी व १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली वसई घेतली. पुरवठ्याची ही अडचण इंग्रजांना मराठी अंमलातही जाणवत होती. त्यांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाणे जिंकले आणि सालबाईच्या तहाने (१७८२) साष्टी त्यांच्याकडे कायम झाली.