ऐन हंगामात ट्रॅक्टर बसला तर...



फडात ऊस तोडून पडलेला, मुकादम तगाद्याला उभा, आणि नेमका त्याच वेळी ट्रॅक्टर बसतो. हा प्रसंग आम्ही शेतकी खात्याची मंडळी दर हंगामात कुठे ना कुठे पाहतो. तुटलेला ऊस चोवीस तासांत गाळला गेला तर बरा. पुढे वजनही घटते आणि उताराही घटतो. म्हणून मालक घायकुतीला येतो आणि मिस्त्रीला म्हणतो, "काय लागेल ते लागू दे, पण आजच्या आज चालू कर!" खर्चाला पाय फुटतात ते इथे.

तेव्हा पहिले काम हे, की ऊस आणि ट्रॅक्टर यांची फारकत करावी. गट ऑफिसला निरोप धाडावा, भावकीतला किंवा भाड्याचा ट्रॅक्टर ट्रॉलीला जोडून ऊस काट्यावर पोचवावा. एकदा ऊस मार्गी लागला, की दुरुस्तीचा निर्णय थंड डोक्याने घेता येतो.

हंगामात बहुधा इंजिन तापते. रेडिएटरच्या जाळीत पाचटाचा भुसा बसतो, फॅनचा पट्टा ढिला पडतो, पाणी कमी होते. काटा लाल पट्ट्यात गेला, की "कारखाना जवळच आहे" म्हणून रेटू नये. तिथेच थांबावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, अंग भाजते. तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये, हेड तडकते. शंभर रुपयांचे काम लाखावर जाते ते असे.

इंजिन खोलण्याआधी रोग ओळखावा. ऑइल दुधासारखे झाले असेल, किंवा इंजिन चालू असताना रेडिएटरच्या पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा. हेड उतरवलेच तर ते सपाट आहे का, तडा आहे का, हे तपासूनच नवे गॅस्केट बसवावे. नाहीतर आठ दिवसांत पुन्हा तेच रडगाणे.

कामाला हात लावण्यापूर्वी सुट्या भागांचा आणि मजुरीचा अंदाज कागदावर घ्यावा. मध्येच काम वाढले तर विचारल्याशिवाय करू नये, असे बजावावे. बदललेले जुने भाग परत मागावेत. रक्कम मोठी असेल तर दुसऱ्या मिस्त्रीलाही दाखवावे. त्यात कुणाचा अपमान नाही. पक्के बिल घ्यावेच. स्वतःच्या उपजीविकेसाठी ट्रॅक्टर राबवणाऱ्याला कामात दोष राहिल्यास 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, आणि तिथे तोंडी व्यवहार कामाला येत नाही. नेहमीचा विमा अपघाताला असतो, झिजेला किंवा आतल्या बिघाडाला नसतो, हेही ध्यानात असावे.

राहिला प्रश्न पैशाचा. अशा वेळी घरातले दागिने सावकाराकडे जातात, आणि उसाचे बिल हाती पडेपर्यंत व्याज फुगते. त्यापेक्षा ट्रॅक्टरच्या दर तासामागे 25 रुपये बँकेत वेगळे टाकावेत. वर्षाला 800 तास चालला तर 20,000 रुपये साठतात. डिझेलचा खर्च आपण धरतो, तसा झिजेचाही धरावा. बैलाला पेंड घालताना कुणी हात आखडता घेत नसे. हेही आपले जनावरच समजावे.

— ऊस विकास अधिकारी