काही सापडलं का?

हातात लांब दांडी, दांडीच्या टोकाला ताटलीएवढी चकती, कानाला हेडफोन, कमरेला थैली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हिवाळ्यातल्या बोचऱ्या सकाळीही असा एखादा माणूस वाळूवर नजर लावून फिरताना दिसतो. कुत्रं फिरवायला आलेला जो तो त्याला एकच प्रश्न विचारतो : काही सापडलं का? गेली काही वर्षं तो माणूस मी आहे. पुण्याहून आत्याचा फोन आला की तीही हेच विचारते, फक्त ‘काही’च्या जागी ‘सोनं’ म्हणते.

तर आत्या, गेल्या रविवारचा हिशेब असा : शीतपेयाच्या डब्यांच्या अकरा कड्या, गळाला लावायची चार शिशाची वजनं, गंजून फुगलेलं दोन पेन्सचं नाणं आणि एक जुना गोल पौंड. 1992 पासून इथली एक आणि दोन पेन्सची नाणी पोलादाची असतात, वर फक्त तांब्याचा मुलामा. खाऱ्या पाण्यात तो टिकत नाही. गोल पौंड 15 ऑक्टोबर 2017 नंतर दुकानदार घेत नाहीत. म्हणजे तीन तासांची कमाई शून्य, वर गाडीतळाचं भाडं. या छंदातून पैसा मिळतो असं ज्यांना वाटतं त्यांना मी ही थैली दाखवतो. अंगठ्या सापडतात, नाही असं नाही. थंड पाण्यात बोटं आक्रसतात, अंगठी सैल होते आणि पोहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पण एका अंगठीमागे किती कड्या उकराव्या लागतात, ते मोजणं मी सोडून दिलं आहे.

लोकांना वाटतं, या धातुशोधक यंत्राला सोनं कळतं. यंत्राला सोनं कळत नाही. चकतीतली तारेची गुंडाळी सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र वाळूत सोडते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्यात विजेचे छोटे भोवरे उठतात, त्या भोवऱ्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं, आणि चकती ते टिपते. धातू वीज किती सहज वाहू देतो, वस्तू केवढी आहे आणि कशी पडली आहे, या सगळ्यांची गोळाबेरीज पडद्यावर एका आकड्यात दिसते. गोम अशी की बायकांच्या नाजूक सोन्याच्या अंगठीचा आणि ॲल्युमिनियमच्या कडीचा आकडा बऱ्याचदा एकच येतो. कड्यांचा कंटाळा येऊन जो हा आकडा यंत्रातून गाळून टाकतो, तो अंगठ्यांवरही पाणी सोडतो. म्हणून कडी उकरणं हा या छंदाचा कर आहे, असं मी नवख्यांना सांगतो.

यंत्राचा आवाज ऐकणं एक, त्याचा अर्थ लावणं दुसरं. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनाही हे जड गेलं होतं. जुलै 1881 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, ती शरीरात कुठे अडकली आहे हे शोधायला बेल असंच एक यंत्र घेऊन गेले. गादीतल्या लोखंडी स्प्रिंगांनी घोळ घातला. शिवाय गोळी उजव्या बाजूला आहे यावर मुख्य डॉक्टर ठाम होते, त्यामुळे शोध त्याच बाजूला झाला. गोळी निघाली डावीकडे, आणि तेही सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष गेल्यावर, शवविच्छेदनात.

‘यंत्र महाग तितकं खोल पाहतं’ हीसुद्धा दुकानदारांच्या सोयीची समजूत. नाण्याएवढी वस्तू साधारण फूटभर खोलीपर्यंत कळते, पुष्कळदा त्याहून कमीच. दहा फुटांवरची पेटी दाखवणाऱ्या जाहिराती आत्याने पाहाव्यात आणि विसरून जाव्यात. समुद्रावर जादा पैसे लागतात ते खोलीसाठी नाही, मिठासाठी. खारं पाणी स्वतःच वीज वाहू देतं, त्यामुळे ओल्या वाळूवर साधं एका वारंवारतेचं यंत्र काही नसतानाही किंचाळत राहतं. तिथे एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारं, किंवा विजेचे ठोके देऊन प्रतिसाद ऐकणारं यंत्र लागतं. दुसऱ्या प्रकाराला मीठ फारसं सतावत नाही, पण लोखंड कुठलं आणि चांदी कुठली हे सांगण्यात ते कच्चं.

यंत्र कशाला, दोरीला लोहचुंबक बांधला की झालं, असंही कुणीतरी सुचवतं. नाशिकला गोदावरीच्या घाटावर पोरं तशीच नाणी काढतात, आणि ते चालतं, कारण आपल्या अलीकडच्या नाण्यांचं स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटतं. सोनं, चांदी, तांबं, शिसं यांपैकी काहीही चिकटत नाही. चुंबकाने सोनं शोधणाऱ्याच्या हाती खिळे लागतात.

माझ्या मते खरी विद्या यंत्रात नाहीच, समुद्र वाचण्यात आहे. नवखा माणूस वरच्या कोरड्या वाळूत फिरतो, कारण लोक तिथेच बसतात. तिथे काल पडलेली चिल्लर मिळेल. जुनं आणि जड ते खाली. वाळूचा कण पाण्याच्या अडीचपट जड असतो, शिसं अकरापट, शुद्ध सोनं एकोणीसपट. लाट वाळू ढवळते तसं सोनं हळूहळू खाली सरकतं आणि चिकणमाती किंवा गोट्यांचा कडक थर लागेपर्यंत थांबत नाही. एरवी त्या थरावर वाळूचं जाड पांघरूण असतं आणि यंत्र तिथवर पोचत नाही. मग एखाद्या रात्री वादळ येतं, लाटा पुळणीचा वरचा थर ओढून नेतात, आणि सकाळी कालच्या मऊ उताराच्या जागी वाळूची पायरी उभी असते. त्यात अमावास्या-पौर्णिमेची मोठी ओहोटी असली तर पाणी दूरवर हटतं. अशा दिवशी मी रजा टाकतो.

गळाची वजनं एकाच पट्ट्यात सापडू लागली की मी यंत्राचा वेग कमी करतो. लाटा वस्तू वजनाप्रमाणे निवडून ठेवतात; शिसं जिथे थांबलं तिथेच आसपास सोनं थांबण्याची शक्यता असते. मुंबईच्या झवेरी बाजारात सराफांच्या दुकानांसमोरची धूळ गोळा करून धुणाऱ्या झारेकऱ्यांना हे तत्त्व कुणी शिकवावं लागत नाही. आमचं ओल्या वाळूतलं जाळीदार फावडंही दिसायला झाऱ्यासारखंच असतं.

वादळानंतरच्या किनाऱ्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण फ्लोरिडातलं. 31 जुलै 1715 च्या वादळात स्पेनचा सोन्याचांदीने भरलेला गलबतांचा ताफा त्या किनाऱ्यावर फुटला. सव्वादोनशे वर्षांनंतरही वादळ झालं की तिथल्या पुळणीवर नाणी येत. किप वॅग्नर नावाच्या बांधकाम ठेकेदाराने दुसऱ्या महायुद्धातलं एक जुनं सुरुंगशोधक यंत्र स्वस्तात घेतलं, नाणी कुठे कुठे पडतात ते पाहत गेला आणि त्यावरून समुद्रातली फुटलेली गलबतं शोधली. लोकांना यातला फक्त खजिना आठवतो. त्याआधीची कित्येक वर्षांची पायपीट कुणी सांगत नाही.

आता सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज : समुद्र कुणाच्या बापाचा नाही, सापडलं ते आपलं. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यापैकी सुमारे निम्मा क्राउन इस्टेट या राजमुकुटाची मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे. त्यावर छंद म्हणून यंत्र फिरवायला ती संस्था मुभा देते, अटींसह. बाकीचा किनारा नगरपालिका, संस्था किंवा खासगी मालकांचा. तिथे विचारावं लागतं. संरक्षित स्मारकाच्या जागेत परवानगीशिवाय नुसतं यंत्र चालवणं हाही 1979 च्या कायद्याने गुन्हा आहे. तीनशे वर्षांहून जुनी सोन्याचांदीची वस्तू मिळाली तर 1996 च्या कायद्यानुसार 14 दिवसांत कोरोनर या अधिकाऱ्याला कळवायचं. फुटलेल्या जहाजातली वस्तू असेल तर खातं वेगळं, मुदत 28 दिवस. आणि परवा हरवलेली अंगठी? ती हरवणाऱ्याचीच असते. मालक शोधायची वाजवी खटपट न करता ती खिशात घातली तर तिला चोरी म्हणतात. 2015 मध्ये हेरफर्डशरच्या एका शेतात दोघांना व्हायकिंग काळातला नाण्यांचा साठा सापडला. त्यांनी तो दडवून विकायला काढला आणि 2019 मध्ये दोघेही लांब मुदतीसाठी तुरुंगात गेले.

पुरातत्त्ववाले आणि आम्ही जन्माचे वैरी, असं मात्र नाही. 1997 साली सुरू झालेल्या सरकारी योजनेत छंदवाल्यांनी आणि इतरांनी स्वतःहून दाखवलेल्या 15 लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झाली आहे. बहुतेक शेतांतल्या, कारण समुद्र वस्तूला तिच्या मूळ जागी राहू देत नाही, आणि जागा हरवलेली वस्तू इतिहासाला निम्मंच सांगते.

कोकणात हे करता येईल का, असं मुंबईचे मित्र विचारतात. भारतात कायदाच नाही, असं गृहीत धरून विचारतात. कायदा 1878 पासून आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. न कळवणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो, आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दहाचा आकडा त्या काळचा आहे, मूळ कायद्यात तो तसाच उभा आहे. उघडपणे कळवणाऱ्याला हा कायदा वाईट वागवत नाही : धनाला दुसरा कुणी वारस निघाला नाही आणि जागामालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा सापडवणाऱ्याचा. विसर्जनाच्या वेळी गणपतीच्या गळ्यात राहून गेलेला हार मात्र धन नव्हे. तो ज्याचा त्याचा, आणि सापडवणाऱ्यावर 1872 च्या करार कायद्याने तो सांभाळण्याची जबाबदारी येते. अलिबागचा कुलाबा किंवा मालवणचा सिंधुदुर्ग यांसारख्या संरक्षित किल्ल्यांच्या तटाजवळ तर फावडं काढूच नका.

एवढं सांभाळून कुणी गेलंच, तर खड्डा बुजवा, कड्या आणि खिळे घरी आणा. आणि नोव्हेंबर ते मे वेळास, आंजर्ले अशा कासवांच्या किनाऱ्यांवर यंत्र नेऊच नका. ऑलिव्ह रिडलीची मादी दीड फुटांच्या आसपास वाळू उकरून अंडी घालते, आणि पाण्याकडे निघालेलं पिल्लू उघड्या खड्ड्यात पडलं की त्याला वर चढता येत नाही.