सुरकुत्या नंतर काढा: मांगातलं वय नेमकं कुठे दडलेलं असतं?

ज्यांना भाग ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी बोललेलं जरा नीट करून इथे लिहिलंय. हाताशी पेन्सिल किंवा ड्रॉइंगचं ॲप असेल तर अजून बरं.

विषय निघाला गडचिरोली जिल्ह्यातल्या एका श्रोत्याच्या मेसेजवरून. हा पोरगा मोबाईलवर आपल्या आजीची गोष्ट मांगात काढतोय. दहा वर्षांची असताना ती पहाटे मोहफुलं वेचायला जायची, तिथून सुरुवात. मग तेंदूपत्त्याच्या फळीवर पुडके घेऊन जाणारी तिशीची बाई. आणि शेवटी आजची पासष्टीची आजी. त्याची अडचण अशी: "दादा, तिन्ही ठिकाणी ती एकाच वयाची दिसते. सुरकुत्या काढल्या तर गॅदरिंगमध्ये म्हातारी झालेली चौथीतली पोरगी वाटते."

उपमा एकदम बरोबर आहे. गॅदरिंगमध्ये केसांना पावडर लावता येते, गालावर काळ्या रेघा ओढता येतात, पण हाडं हलवता येत नाहीत. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात तरुण नट म्हातारा बाप करतो, तेव्हा तो कमरेतून वाकतो, आवाज बदलतो, चाल बदलतो. चेहऱ्याचा सांगाडा त्याच्या हातात नसतो ना! चित्रकाराच्या हातात असतो. म्हणून आधी सांगाडा, सुरकुती सगळ्यात शेवटी.

डोळ्यांची उंची बघा. मोठ्या माणसाचं डोकं टाळूपासून हनुवटीपर्यंत मोजलं तर डोळे जवळपास मध्यावर येतात. लहान मुलाचे मध्याच्या खाली. कारण मेंदूची पेटी आधी वाढते आणि जबडा मागाहून, दात येत जातील तसा. शिवाय बाळाचा नेत्रगोल जन्मतःच सुमारे १६-१७ मिलिमीटरचा असतो, मोठ्यांचा २४ च्या आसपास. म्हणजे डोळा फारसा वाढतच नाही, त्याच्याभोवतीचा चेहरा वाढतो. त्यामुळे लहानपणी डोळे मोठे वाटतात.

मोठं कपाळ, मोठे डोळे, फुगरे गाल दिसले की आपल्याला लगेच माया येते, हे कोनराड लोरेन्झ या शास्त्रज्ञाने १९४३ मध्ये मांडलं. माणसाच्याच पिल्लाबद्दल नाही हं. ताडोबातल्या वाघाच्या बछड्याचा फोटो बघून आपण "अरे किती गोड" म्हणतो, ते याचमुळे. पुढे १९७९ मध्ये स्टीफन जे गूल्डने मिकी माऊसची जुनी-नवी चित्रं चक्क मोजली. मिकीचा डोळा डोक्याच्या २७ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांपर्यंत वाढला होता. मिकी पन्नास वर्षं जगला आणि दिसायला लहान लहान होत गेला!

मांगातलं सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे गोशो आओयामांचा 'डिटेक्टिव्ह कॉनन', १९९४ पासून चालू आहे. शिनिची हायस्कूलमधला, कॉनन पहिलीतला, आणि दोघे एकच माणूस. केसांचा आकार जवळपास तोच. बदलतं काय? डोळे खाली येतात, हनुवटी आखूड होते, मान बारीक होते, डोकं अंगाच्या मानाने मोठं होतं. सुरकुतीचा प्रश्नच नाही, तरी दहा वर्षं इकडची तिकडे.

आता मांगाची खोड. मोठे डोळे, छोटं नाक, टोकदार हनुवटी हा साचा इतका सवयीचा झालाय की कित्येक मालिकांत आई ही मोठी बहीण वाटते. हा मला सरळ आळस वाटतो. ओसामू तेझुकांनी डिस्नेकडून मोठे डोळे घेतले खरे, पण त्यांचं 'बुद्ध' वाचा. १९७२ ते १९८३ मध्ये आलेल्या त्या मांगात सिद्धार्थ जन्मापासून महापरिनिर्वाणापर्यंत म्हातारा होत जातो आणि तरी तोच राहतो. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीच्या आसपास वाढलेल्या आपल्या श्रोत्यांनी तर वाचायलाच हवं.

तर आजीकडे. एक खूण तिन्ही वयांत कायम ठेवा: कानाचा आकार, दातांमधली फट, काहीही. दहा वर्षांची काढताना एक सांभाळा. कष्टाची पोर म्हणून तिचे गाल खोल गेलेले काढाल, तर वाचकाला ती बाई वाटेल. हडकुळेपणा मनगटात, कोपरात दाखवा. चेहरा पोरीचाच ठेवा. कारण पहाटेच्या अंधारात मोहाखाली एकटी वाकलेली पोर आणि बाजूला वाघाचा ठसा, हे पान ती दहाची दिसली तरच वाचकाच्या पोटात गोळा आणेल.

तिशीला डोळे मध्यावर आणा, त्यांची उंची कमी करा, रुंदी तशीच. भुवई जरा खाली. नाकाचा दांडा एका रेघेने दाखवा.

पासष्टीला डोळ्याचा बाहेरचा कोपरा पापणीने झाकला जातो, वरचा ओठ पातळ होतो, नाकाचं टोक खाली येतं, कान लांबतात. दात गेले असतील तर हनुवटी नाकाजवळ सरकते. मान खांद्यांतून सरळ वर न येता पुढे येते. एवढं झालं की मग नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ. एकच! दुसरी लागली तर वरचं काहीतरी राहिलंय असं समजा.

ॲपमध्ये करून बघायचं तर एकाच चेहऱ्याच्या चार कॉप्या करा आणि प्रत्येकीत फक्त डोळे सिलेक्ट करून थोडे थोडे खाली सरकवा. बाकी कशाला हात लावू नका. आणि हो, हातांचं वय राहिलंच. बोटांची पेरं, नखं, शिरा, हे सगळं पुढच्या भागात.