लव्हाळ्यांचं कूळ आणि मूळ

तुकोबांमुळे लव्हाळी घरोघर पोचली. शेतकऱ्याच्या बांधावर ती त्याआधीपासून होतीच. तरीही वनस्पतिशास्त्राच्या वर्गात हे सायपरेसी कूळ वर्षाच्या शेवटच्या तासाला उरकलेलं मी आयुष्यभर पाहत आलो. ‘गवतासारखंच असतं’ असं म्हणून ते आटोपणाऱ्यांशी माझं भांडण जुनं आहे. जगभरात सुमारे ५,६०० जाती असलेल्या कुळाला असं वागवता येत नाही.

आपल्याकडच्या वर्गीकरणाचा पाया चार्ल्स बॅरन क्लार्क यांचा. बंगालच्या शिक्षण खात्यातली नोकरी सांभाळून त्यांनी ही झाडं गोळा केली आणि १८९३-९४ मध्ये ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या सहाव्या खंडात त्यांची मांडणी केली. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा ग्रंथ त्याच वाटेनं गेला. पुढे ब्लॅटर आणि मॅककॅन यांनी दुरुस्त्या केल्या. १९९६ मध्ये महाराष्ट्राच्या एकदलिकित वनस्पतींचा खंड आला. हा इतिहास ग्रंथांत सापडतो, म्हणून इथे थांबत नाही.

थांबायचं ते वादापाशी. क्लार्क यांनी सायपेरस, पिक्रियस, जंसेलस, मॅरिस्कस, किलिंगा अशा वेगवेगळ्या प्रजाती मानल्या. १९३५-३६ मध्ये जर्मनीच्या क्युकेन्थाल यांनी त्या सगळ्या एका सायपेरसमध्ये घेतल्या. डीएनएनं गेल्या पंधरा-वीस वर्षांत कौल दिला तो बऱ्याच अंशी क्युकेन्थाल यांच्या बाजूनं, आणि आज सायपेरसचा संसार साडेनऊशे जातींच्या वर गेला आहे. हा कौल मला मान्य आहे. पण म्हणून जुनी नावं टाकून द्या, असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. पिक्रियसचा दाणा दोन्ही कुशींनी चेपलेला, त्याची धार कणिशकाच्या अक्षाकडे. जंसेलसचा दाणा चपटी बाजू अक्षाला लावून बसतो. मॅरिस्कसचं कणिशक अख्खंच्या अख्खं गळतं. विद्यार्थ्याला पाहायला शिकवतात ती ही नावं.

आता प्रसाराकडे. कॅरेक्सच्या दोन हजारांच्या आसपास जाती थंडीच्या मुलखातल्या. हिमालयात त्यांची गर्दी, आपल्या वाट्याला महाबळेश्वरसारख्या उंचीवरच्या थोड्याच. भातखाचरांत सायपेरस इरिया आणि डिफॉर्मिस, तळ्यांत एलिओकॅरिस, खाड्यांच्या काठी सायपेरस मलॅकेन्सिस, किनाऱ्याच्या वाळूत सायपेरस अरेनेरियस. देशावरच्या काळ्या रानात मोथा: नांगरानं गाठींची माळ तुटते आणि तुटलेला प्रत्येक मणी नव्यानं फुटतो.

पण माझा जीव अडकला तो कोकणच्या सड्यांवर, फिंब्रिस्टायलिसमध्ये. जांभ्याच्या कातळावर माती बोटभर. ज्येष्ठात पाणी साचतं, कार्तिकात सगळं करपून जातं. तेवढ्या तीन-चार महिन्यांत ही वितभर रोपं उगवतात, फुलतात, दाणे टाकून संपतात. कुणी डबक्याच्या काठाला, कुणी भेगेत, कुणी नुसत्या ओलसर कातळावर. फिंब्रिस्टायलिस रत्नागिरिका हिच्या तर नावातच हा मुलूख आहे.

माझ्या गुरुजींनी मला पहिल्यांदा सड्यावर नेलं तेव्हा कातळावर पालथं झोपवलं होतं. खाली चिखल, पाठीवर पाऊस, डोळ्याला दहापटीचं भिंग. तपकिरी तुष नखानं बाजूला केलं, तर आत चपटं किंजल, आणि त्याच्या कडांना केसांची झालर. प्रजातीचं नाव या झालरीवरूनच आलेलं. झालर गळाल्यावर दाणा उरतो, मिलिमीटरभराचा; काहींत उभ्या कण्या आणि त्यांमध्ये विटांसारखे आडवे कप्पे, काहींत बारीक फोड. शेजारच्या बल्बोस्टायलिसच्या दाण्यावर किंजलाचं बूड बटणासारखं टिकून राहतं. फिंब्रिस्टायलिसमध्ये ते गळून पडतं. एवढ्याशा बटणावर प्रजाती ठरते. कोवळं रोप उपटून आणलं तर यातलं काहीच कळत नाही. पिकलेला दाणा हवा, आणि रोप नेमकं कुठे उभं होतं याची नोंद हवी. वर्गीकरण आणि प्रसार ही दोन प्रकरणं आहेत, असं मी कधीच मानलं नाही.

आज पानाचा तुकडा सिलिका जेलमध्ये टाकला की काम झालं, असं सांगणारे वाढले आहेत. ज्या तुकड्यामागे दाबून वाळवलेला, दाण्यासकटचा नमुना नाही, त्याचं नाव उद्या तपासणार कोण? महाविद्यालयांतल्या सहली बंद पडल्या, संग्रह वाळवीनं खाल्ले. एका महाविद्यालयात मी तीस पावसाळे जमवलेली कपाटं जागा हवी म्हणून व्हरांड्यात काढली गेली. दोन पावसांत ती संपली. सडे महसुली कागदावर पडीक, म्हणून तिथे चिरेखाणी निघाल्या, बाहेरची माती ओतून कलमं लागली. कासला माणसं रंगीत फुलांसाठी जातात, आणि त्या फुलांच्या मधली लव्हाळी पायाखाली जातात.

त्या कपाटांतला एक कागद मी आधी घरी आणला होता, म्हणून वाचला. चिठ्ठीवर माझंच अक्षर आहे: ‘सड्याच्या उत्तर टोकाचं डबकं, टाचभर पाणी, दाणे पक्व.’ त्या टोकाला आता चिरेखाण आहे. हा अंक हातात पडेल तोवर यंदाचे दाणे गळून गेलेले असतील. पुढच्या भाद्रपदात भिंग घेऊन जवळच्या सड्यावर जा, आणि जे दिसेल त्याच्या चिठ्ठीवर जागा नीट लिहा.