काचेची पाटी, विजेची लेखणी

गेल्या उन्हाळ्यात दहावीची परीक्षा दिलेली एक मुलगी वडिलांना घेऊन आमच्याकडे आली. इंटरमीजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत तिला ए श्रेणी मिळाली होती आणि पुढे ॲनिमेशन शिकण्याचे तिच्या मनात होते. वडिलांच्या हातात एक जाहिरात होती : सोळा इंची पेन डिस्प्ले, दाबाच्या ८१९२ पातळ्या, किंमत तीस हजारांच्या वर. पैसे त्यांनी दोन वर्षे साठवले होते. "हाच घ्यावा ना?" एवढेच त्यांना विचारायचे होते. आम्ही उलट विचारले, "घरी संगणक आहे का?" संगणक नव्हता, मोबाइल होता.

पेन डिस्प्ले म्हणजे ज्यावर पेनाने थेट चित्र काढता येते असा स्क्रीन. पण बहुतेक पेन डिस्प्लेंमध्ये स्वतःचा संगणक नसतो. ते संगणकाला जोडावे लागतात. एरवी तो नुसता काळा आरसा. ही गोष्ट जाहिरातीत बारीक अक्षरांत असते. म्हणून अशी वस्तू निवडण्यापूर्वी ती काम कशी करते हे समजून घेणे बरे. त्यासाठी लागणारे विज्ञान नववी-दहावीच्या पुस्तकाच्या फारसे पलीकडचे नाही.

पेनात बॅटरी नाही, तरी ते बोलते कसे?

मोबाइलच्या काचेला आपल्या बोटाचा स्पर्श कळतो. चित्रकाराच्या पेन डिस्प्लेची रीत वेगळी आहे. स्क्रीनच्या मागे तारांची उभी-आडवी जाळी असते. तिच्यातून सेकंदाला काही लाख वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह क्षणभर सोडला जातो, त्यामुळे जाळीच्या वर बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. पेनात तारेचे एक वेटोळे आणि एक धारित्र असते. फॅराडेने १८३१ साली दाखवून दिलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनामुळे या वेटोळ्यातही प्रवाह निर्माण होतो. झोपाळ्याला त्याच्या लयीत झोके दिले की तो उंच जातो, तसे पेनातले मंडल जाळीच्या लयीवर जोराने स्पंदन पावू लागते. यालाच अनुस्पंदन म्हणतात.

मग जाळी गप्प बसते आणि ऐकते. झोपाळा सोडून दिला तरी थोडा वेळ हलत राहतो, तसे पेन थोडा वेळ स्पंदत राहते. ते स्पंदन ज्या तारांत सर्वांत जोरदार जाणवेल, तिथे पेन आहे हे ठरते. टोकावर दाब दिला की पेनातल्या मंडलाची वारंवारता किंचित बदलते आणि त्यावरून दाब कळतो. जाळीला फक्त पेनच ऐकू येत असल्यामुळे काचेवर तळहात टेकला तरी रेघ उमटत नाही. पेनात बॅटरी असलेले प्रकारही बाजारात आहेत, पण बिनबॅटरीचे पेन हलके राहते आणि चित्राच्या मध्येच बंद पडत नाही.

आकडे आणि हात

आता जाहिरातीतला मोठा आकडा पाहू. ८१९२ म्हणजे २ चा तेरावा घात. पेनावर ४०० ग्रॅम वजनाइतका दाब देता येतो असे धरले, तर एक पातळी ०.०५ ग्रॅमची झाली. आपला हात एवढा काटेकोर आहे का? स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या. त्यावर पेन्सिलीचे टोक टेकवा आणि काट्यावर ५० ग्रॅम हा आकडा दहा सेकंद स्थिर ठेवून दाखवा असे मुलांना सांगा. कोणालाही ते साधत नाही. आकडा काही ग्रॅम मागे-पुढे नाचत राहतो. तेव्हा २०४८ पातळ्या आणि ८१९२ पातळ्या यांतला फरक हाताला जवळजवळ कळत नाही. खरा प्रश्न वेगळा आहे : अगदी हलक्या हाताने पेन टेकवले तर रेघ उमटते का? पेन्सिलीच्या फिकट छटेचे काम करणाऱ्याला हेच महत्त्वाचे.

स्क्रीनच्या ठिपक्यांचा हिशोब पायथागोरसच्या प्रमेयाने करता येतो. आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतील तर कर्णावर सुमारे २२०३ ठिपके येतात. हा कर्ण १६ इंचांचा असेल तर इंचाला सुमारे १३८ ठिपके, म्हणजे एक ठिपका ०.१८ मिलिमीटरचा. तेवढेच ठिपके २२ इंचांवर पसरले तर इंचाला १०० आणि ठिपका पाव मिलिमीटरचा. मोठ्या स्क्रीनवर हात खांद्यापासून मोकळा फिरतो हे खरे, पण ठिपके वाढले नाहीत तर चित्र खरखरीत दिसते. आकार आणि ठिपके ही जोडी नेहमी एकत्रच पाहावी.

रेघ एकीकडे, टोक दुसरीकडे

यापुढचा दोष जाहिरातीत सहसा सापडत नाही. पेनाचे टोक काचेच्या वरच्या पृष्ठभागावर असते आणि चित्र काचेच्या खाली. तिरप्या नजरेने पाहिले तर टोक आणि रेघ यांत फट दिसते. काच २ मिलिमीटर जाड आणि नजर लंबाशी ४५ अंशांत असेल, तर अपवर्तन धरून हे अंतर सुमारे १.१ मिलिमीटर येते. काचेखाली १ मिलिमीटर हवेची पोकळी असेल तर आणखी एक मिलिमीटर वाढते. डोळ्याची बाहुली रंगवताना दोन मिलिमीटर म्हणजे फार झाले. म्हणून काच आणि स्क्रीन मध्ये पोकळी न ठेवता एकत्र चिकटवलेले असणे चांगले. वर्गात फोटोफ्रेमची काच आलेख कागदावर ठेवा, काचेवर स्केचपेनने ठिपका द्या आणि डोके हलवून पाहा. मग काच दोन पेन्सिलींवर उचलून ठेवा आणि पुन्हा पाहा. पोकळीचा परिणाम लगेच दिसेल.

विलंबाचेही तसेच. हात सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने जात असेल आणि रेघ एक-विसांश सेकंद उशिरा उमटत असेल, तर ती टोकाच्या दीड सेंटिमीटर मागे धावते. हा विलंब पुष्कळदा मंद संगणकामुळे होतो. महाग डिस्प्ले आणि दुबळा संगणक ही जोडी म्हणूनच वाईट.

स्क्रीन हवाच का?

१९६३ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' हा कार्यक्रम तयार केला. त्यात प्रकाश-पेन थेट स्क्रीनवर धरून आकृती काढत. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या रँड टॅब्लेटमध्ये तारांची पाटी टेबलावर ठेवलेली होती आणि नजर समोरच्या स्क्रीनवर. वाकॉम या जपानी कंपनीने २००१ साली सिंटिक ही मालिका आणली, तिच्यात पाटी आणि स्क्रीन एकत्र होते. पण बिनस्क्रीनची पाटी त्यामुळे बाद झाली नाही. ती चार-पाच हजारांच्या आत मिळते. तिच्यात काचेच्या जाडीचा दोष उद्भवतच नाही, चित्रावर हाताची सावली पडत नाही आणि मान वाकवावी लागत नाही. डोळे एकीकडे आणि हात दुसरीकडे ही सवय मात्र काही आठवड्यांनी लागते.

म्हणून आमचा क्रम असा : आधी संगणक, मग बिनस्क्रीनची पाटी, आणि तिच्यावर हात बसून कामाची गरज वाढली तर पेन डिस्प्ले. तो घेताना स्वतः दुकानात जाऊन पाच गोष्टी कराव्यात. हलकी रेघ काढून पाहावी. पट्टी धरून अगदी सावकाश तिरकी रेघ काढावी. ती लाटेसारखी वाकडी येत असेल तर जाळी टोकाची जागा नीट ओळखत नाही. चारही कोपऱ्यांत टोक आणि रेघ जुळतात का ते पाहावे. भराभर गोल काढून विलंब पाहावा. आणि पेनाचे टोक झिजते, तेव्हा सुटी टोके मिळतात का हे विचारावे.

त्या मुलीने छोटी बिनस्क्रीनची पाटी घेतली. मुख्याध्यापकांनी सुटीत शाळेची संगणक खोली उघडून दिली आणि तिथे क्रिता हे मोफत सॉफ्टवेअर बसवले. पहिला आठवडा रेघ सरळ येईना, तेव्हा ती आमच्यावर थोडी रुसलीच होती. चौथ्या आठवड्यात तिने आजीचे चित्र आणून दाखवले. वडिलांचे उरलेले पैसे संगणकासाठी ठेवले आहेत. पेन डिस्प्ले तिने अजून घेतलेला नाही. घेईल तेव्हा कोणता घ्यायचा हे तिला आम्हाला विचारावे लागणार नाही.